रक्त कुठून येतं

रोटांचे गहू निवडायला घरातल्या बायका शुक्रवारी दुपारी ओसरीत बसल्या आणि अक्का एकट्याच उठून मागच्या दारी पोत्यावर जाऊन बसल्या. कुणी काही विचारलं नाही. थोरली सून पुष्पा हिने सूप आपल्याकडे ओढलं आणि अक्कांच्या वाटणीचे गहू स्वतः पाखडायला घेतले, जणू ते आधीच ठरलेलं होतं.

सुनंदा मुक्ताला मांडीवर घेऊन हे बघत होती. आदल्या दिवशी ती, नवरा मोतीलाल आणि तीन वर्षांची मुलगी मुक्ता असे तिघं जळगावहून गावी आले होते. रविवारी कानबाई, खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, बसायची. घरातल्या एकेका पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, त्यांचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे आणि ते भाऊबंदांनीच खाऊन संपवायचे, हे आठ पिढ्यांचं. कानबाई बसवायचा मान सासरे आबा आणि सासू अक्का या जोडीचा. अक्काच मागच्या दारी जाऊन बसल्या, तर मग बसवणार कोण?

तिने मुक्ताला पाळण्यात टाकलं आणि मागच्या दारी गेली. लिंबाच्या सावलीत अक्का पाय लांब करून बसल्या होत्या. नेहमीपेक्षा चेहरा ओढलेला. कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि त्यांत सोन्याचे काप उगाचच जड दिसत होते. सुनंदा जवळ जाताच त्यांनी हात वर केला.

"हात नको लाऊ माले. मी बाजूले शे."

सुनंदाला आधी कळलंच नाही. अक्कांचं वय अठ्ठावन्न. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी त्यांची गर्भपिशवी काढली होती. त्या वेळी मुक्ता जेमतेम वर्षाची, अंगावर पिणारी असल्यामुळे सुनंदा येऊ शकली नव्हती, पण मोतीलाल जाऊन आला होता. पिशवीच नाही तर बाजूला बसायचं कशाचं, असं तिने विचारलं. अक्का हसल्या.

"रंगत दिखनं का बाजूले बसानं. पिशवीले ईचारीसन बसस का कोनी?"

बायकांना रक्त दिसलं की बायका बाजूला बसतात. त्यात इतका मोठा नियम सामावलेला होता की ते येतं कुठून, हे बघायची कुणालाही गरज वाटली नव्हती. मुक्ताला गेल्या उन्हाळ्यात सारखा ताप येत होता, तेव्हापासून मुलीच्या लघवीचा रंग बघितल्याशिवाय सुनंदाने मोरीवर पाणी ओतलं नव्हतं. जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला शिकवलं होतं: आधी नीट धुवायचं, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार उकळलेल्या बाटलीत धरायची. तशा दोन बाटल्या आताही तिच्या पिशवीत होत्या. ती प्रश्न विचारत गेली आणि अक्का लाजत, इकडेतिकडे बघत उत्तरं देत गेल्या. दुखतं का, तर अजिबात नाही. एरवी कपड्याला लागतं का, तर नाही, मोरीत बसल्यावरच. रोज येतं का, तर नाही, चार दिवस येतं आणि मग महिनाभर जातं. आणि हे कधीपासून, यावर अक्कांनी ओसरीकडे बोट केलं.

"पुष्पाले ईचार," त्या म्हणाल्या.

*

पुष्पाला वाटलं होतं, धाकटी जाऊ विचारेल, ऐकेल आणि दोन दिवसांनी जळगावला निघून जाईल. पण सुनंदा हातात बाटली आणि मलमलीची पांढरी चिंधी घेऊन मोरीच्या दारात उभी राहिली.

"पुष्पाताई, तुम्ही फक्त बघायला उभ्या राहा. मी एकटीने सांगितलं तर कुणी मानणार नाही."

पुष्पाने आधी ऐकवायचं ते ऐकवलं. "तुन्हं कालेज तठे जळगावले ठेव, सुनंदा. रोटना घरमा हाई नको." पण ती जागची हललीही नाही. ऑपरेशन झाल्यापासून अक्कांची लुगडी तीच धूत होती. ऑपरेशननंतर चार महिने सगळं कोरडं होतं, तेव्हा घरात पेढे वाटले गेले होते. मग पुन्हा मोरीत लाल दिसलं. तिने नवऱ्याला, अभिमनला, सांगितलं. अभिमनने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, टाक्यांतून येत असेल, जाईल. त्यानंतर त्या घरात हा विषय पुन्हा निघाला नाही. पुष्पाने काढलाही नाही, आणि का काढला नाही हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

सुनंदाने अक्कांना नीट धुवायला लावलं. चिंधीची घडी पाळीच्या वाटेत घट्ट बसवायला सांगितली आणि पुढे बाटली धरायला दिली. अक्का कुरकुरत होत्या. पन्नास वर्षांत मोरीत आपल्याबरोबर दोन सुना उभ्या राहिल्या नव्हत्या, आज वरात निघाली म्हणत होत्या. मग बाटली बाहेर आली.

आतला रंग डाळिंबाच्या रसासारखा होता. तळाशी काळसर गुठळीचे दोन तुकडे. त्यानंतर चिंधी बाहेर आली. सुनंदाने ती उजेडात उलगडली, दोन्ही बाजूंनी फिरवून दाखवली. ओली होती, पांढरी होती.

"पिशवीच्या जागेवरून येत असतं तर हे फडकं लाल झालं असतं," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता, आणि पुष्पाला कळलं की ही बाई घाबरलेली नाही, संतापली आहे. "रक्त लघवीतून येतंय, ताई. आधीही लघवीतूनच येत असणार. पिशवीचा काही संबंधच नव्हता."

पुष्पा मोरीच्या कठड्यावर बसली. अक्कांचं ऑपरेशन झालं त्याच खेपेला, त्याच डॉक्टरने, तिचीही पिशवी काढली होती. ती चौतीस वर्षांची होती. थोडं पांढरं जायचं, तेवढंच. डॉक्टर म्हणाला होता, सासूला झालंय म्हणजे सुनेलाही होणार, एका खेपेत दोघींचं उरकून टाका. तिने ते आता पहिल्यांदा कुणाजवळ उच्चारलं. उच्चारताना तिलाच ते कानाला विचित्र लागलं.

सुनंदा तिच्याकडे वळली.

"सासूचं सुनेला कसं येईल, ताई? तुमचं-त्यांचं रक्त एक आहे का?"

अक्का लुगडं नीट करत होत्या. त्यांचे हात थांबले.

*

अभिमन ओट्यावर आबांबरोबर बसला होता. रविवारी किती पानं होतील याचा हिशोब चालला होता. मोतीलाल खांबाला टेकून पेपर वाचत होता. दारातून सुनंदा डोक्यावर पदर घेऊन आली आणि मुक्ताला पुढे करून उभी राहिली. जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, समोरासमोर बोलायचं नाही ही रीत ती सहा वर्षं पाळत आली होती. काही सांगायचंच असलं तर मुलीला उद्देशून सांगायचं.

"मुक्ता, मोठ्या बाबांना सांग, अक्कांना उद्या सकाळीच जळगावला न्यायचंय."

मुक्ताने बोट तोंडात घातलं. अभिमन गालात हसला आणि तोही मुक्ताशीच बोलला, की आईला सांग, रोट होऊ दे, मंगळवारी धुळ्याला नेऊ. मग मुक्तामार्फत निरोप गेला की जळगावच्या दवाखान्यात मुंबईचे मूत्रविकाराचे सर्जन एक शनिवार सोडून एक येतात. ते उद्या आहेत आणि रविवारी रात्री परत जातात. मग पंधरा दिवस कुणी नाही. मुक्तामार्फत उत्तर आलं की दोन वर्षं थांबली ती अजून पंधरा दिवस थांबेल.

सुनंदाने मुक्ताला बाजूला केलं. पदराआडून बाटली काढली आणि ओट्यावर, आबांच्या आणि अभिमनच्या मध्ये ठेवली.

"भाऊ, हे अक्कांच्या लघवीतलं रक्त आहे," ती थेट अभिमनकडे बघून म्हणाली. "आणि दोन वर्षं अक्का थांबल्या नाहीत. आपण थांबवलं त्यांना."

मोतीलालच्या हातातला पेपर खाली आला. अभिमनने आधी बाटली पाहिली, मग भावजयीचा उघडा चेहरा. त्याला कशाचा जास्त राग आला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"उचल ते. रोटना घर शे."

ती हलली नाही. मग अभिमनने मोतीलालला सुनवायला सुरुवात केली. बायकोला आवर म्हणाला. जळगावला नोकरी करणाऱ्यांनी आईला किती वेळा दवाखान्यात नेलं ते सांग म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचा आवाज वेगळाच झाला.

"आठ दिन मी तठे फरशीवर झोपेल शे. मायनं ऑपरेशन मी करी लिधं, आते मीच खोटा?"

ते खरं होतं. आठ दिवस तो त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून राहिला होता. किटलीतून चहा आणायचा, दोन खाटांमध्ये स्टूल टाकून एका हाताने आईला पाजायचा आणि दुसऱ्या हाताने बायकोला. गावात लोक म्हणायचे, मुलगा असावा तर अभिमनसारखा. ती बाटली खरी असेल तर त्या आठ दिवसांचं काय करायचं?

मोतीलालने घसा साफ केला. मध्यम काहीतरी निघावं म्हणून तो म्हणाला की बघू, उद्या धुळ्यात कुणाला तरी दाखवून घेऊ, मग रविवार आटोपून निवांत ठरवू. सुनंदाने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याने वाक्य अर्धंच सोडलं. तिने विचारलं, त्या डॉक्टरने अक्कांची लघवी एकदा तरी तपासली होती का? एक तरी कागद आहे का? पिशवी काढली ती कुठल्या प्रयोगशाळेत पाठवली? अभिमन म्हणाला, डॉक्टर शिकलेला माणूस आहे, तो काय खोटं बोलेल. सुनंदा म्हणाली, गावात कुणाकुणाच्या पिशव्या काढल्यात ते एकदा बोटांवर मोजा. हाताची बोटं पुरणार नाहीत. या सगळ्या बायकांना एकच रोग कसा झाला?

आबांनी बाटली उचलली, उन्हाकडे धरली आणि आतली गुठळी हलकेच फिरताना पाहिली. घरात रोट असताना त्यांनी हात लावला हे पाहून अभिमन मागे सरकला. दाराच्या आत पुष्पा उभी होती. आबांनी मान न वळवता विचारलं.

"पुष्पा, ते फडकं तू देखं का?"

अभिमनला वाटलं, आता ही सांभाळून घेईल. चौदा वर्षं ती त्याचं सांभाळूनच घेत आली होती.

"देखं, आबा. कोरं व्हतं."

आबांनी बाटली परत सुनंदाच्या हातात दिली. अक्कांना सकाळच्या मोटरीत बसवायचं, एवढंच ते म्हणाले, आणि खडावा घालून खाली उतरले.

*

सकाळच्या एसटीने अक्का, दोन्ही मुलगे आणि दोन्ही सुना असे पाच जण निघाले. मुक्ताला आबांपाशी ठेवलं होतं आणि पारोळा येईपर्यंत सुनंदाचं मन तिच्याकडेच ओढत होतं. अक्का खिडकीशी बसल्या होत्या. पारोळ्याला चहा प्यायल्या. एरंडोलला मोतीलालने केळी घेतली तेव्हा त्यांनी घासाघीस करून दोन जास्त पदरात पाडून घेतली. घाबरल्यासारख्या फक्त एकदाच वाटल्या, गिरणा पुलावर, पण तेव्हा त्यांनी हात पुष्पाच्या हातात दिला, सुनंदाच्या नव्हे. सुनंदाला त्याचं बरंच वाटलं.

दवाखान्यात आधी सोनोग्राफी झाली. शहरात ते यंत्र येऊन फार दिवस झाले नव्हते. त्यासाठी पोट पाण्याने भरलेलं लागतं म्हणून अक्कांना तांब्यावर तांब्या पाजला. त्या कुरकुरल्या की रक्ताचं कारण शोधायला आले आणि विहीर करून ठेवली. पडद्यावर काळं दिसत होतं, त्या काळ्यात एका कडेने करडं काहीतरी उगवलेलं. यंत्रवाला तिथेच दोनदा थांबला आणि त्याने बटण दाबून माप घेतलं.

सर्जन चाळिशीचे असावेत. त्यांनी अक्कांना नमस्कार केला, बसायला सांगितलं आणि माहिती विचारायला सुरुवात केली. विडी, तंबाखू काही? अक्कांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं.

"तुम्ही भाईर जा, मंग सांगसू."

मुलं बाहेर गेल्यावर त्यांनी सांगितलं, तीस वर्षं, दिवसाला दोन-चार विड्या, गोठ्यामागे. सुनंदा थक्क झाली. सहा वर्षं ती या घरातलं सगळं टिपत आली होती, आणि हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. पुष्पा मात्र खाली बघत होती. काडेपेटी तीच पुरवत असावी.

दुपारी आत दुर्बीण घालून पाहिलं. तासाभराने सर्जनांनी नातेवाइकांना बोलावलं. अक्का आतल्या खोलीत खाटेवर होत्या, मध्ये हिरवा पडदा. सर्जनांनी कागदावर उलटा पेरू काढावा तसं मूत्राशय काढलं आणि आतल्या भिंतीवर एक तुरा. फुलकोबीच्या तुऱ्यासारखी गाठ आहे, म्हणाले. लघवीच्याच वाटेने दुर्बीण घालून खरवडून काढता येईल, पोट फाडावं लागणार नाही. पण ती वरच्या वर आहे की भिंतीत मुरली आहे, हे काढलेला तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. मुरली असेल तर पूर्ण मूत्राशयाचा विचार करावा लागेल, आणि तो सोपा नाही. वरवर असली तरी पुन्हा उगवू शकते. दर तीन महिन्यांनी दुर्बिणीने बघत राहावं लागेल, वर्षानुवर्षं.

मग त्यांनी आधीच्या ऑपरेशनचे कागद मागितले. अभिमनने एक चिठ्ठी पुढे केली. त्यावर औषधांची नावं होती आणि खाली लफ्फेदार सही. सर्जनांनी ती उलटून पाहिली. मागे काही नव्हतं.

"लघवीतून रक्त येतंय आणि दुखत नाही, हीच गाठीची पहिली खूण असते," ते म्हणाले. "तेव्हाच पाहिलं असतं तर..."

त्यांनी पुढचं गिळलं. सुनंदाला ते गिळणंच जास्त लागलं. सगळे गिळत होते. डॉक्टर डॉक्टरविषयी, नवरे बायकोविषयी, मुलं आईविषयी. तिला उठून ओरडावंसं वाटलं आणि तिने पदराचं टोक मुठीत धरलं.

पुष्पाने मात्र गिळलं नाही. ती नवऱ्याकडे वळली आणि परक्या माणसांदेखत, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"मायनी पिशवी चुकीसन काढी. मंग मन्ही कसाले काढी?"

अभिमनने चिठ्ठी परत घेतली आणि तो तिची घडी घालत बसला, आधी अर्धी, मग पाव.

सर्जनांनी विषय पुढे नेला. उद्या सकाळी नऊला काढू, रात्री मला परत जायचंय. इथे सही लागेल. त्यांनी फॉर्म अभिमनपुढे सरकवला, कारण थोरला तोच दिसत होता. अभिमनने पेन घेतलं नाही. उद्या रविवार आहे, म्हणाला. घरात कानबाई आहे. मायला एवढं एकदा घरी जाऊ दे, पुढच्या खेपेला नक्की आणतो. आणि गाठीचं तिला सांगू नका, खचेल. मोतीलालनेही मान डोलावली. सांगायचं नाही, यावर दोघं भाऊ एका क्षणात एक झाले. सकाळपासून एकमेकांशी न बोललेले ते दोघं.

सुनंदा उठली. खचतील तर खचतील, म्हणाली, पण तो अधिकार त्यांचा आहे, तुमचा नाही. आणि ती पडदा सारायला गेली, तर पडदा आधीच बाजूला झाला होता. दवाखान्याच्या झग्यात अक्का उभ्या होत्या, एका हाताने भिंत धरून. किती वेळ उभ्या होत्या कुणास ठाऊक.

पुष्पाने धावत जाऊन त्यांना खुर्चीत बसवलं. अक्कांनी दम घेतला. मुलांकडे त्यांनी पाहिलंही नाही. सर्जनांकडे बोट केलं.

"डॉक्टर, ईचारानं ते माले ईचार. आंग मन्हं शे."

सर्जन थोडे गोंधळले. मग त्यांनी आपली खुर्ची फिरवली, अभिमनपुढचा फॉर्म उचलून अक्कांसमोर ठेवला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुरा, भिंत, तुकडा, तीन महिने. अवघड शब्दाला सुनंदा तो सोपा करून द्यायची. एकदाच अक्कांनी मध्ये थांबवलं आणि विचारलं की तो वाईट रोग का, ज्याचं नाव घेत नाहीत तो. सर्जन म्हणाले, असू शकतो. अक्कांनी झगा गुडघ्यांवर ओढून नीट केला. खाली रस्त्यावर टांग्याची घंटा वाजत होती.

अभिमन पुढे वाकून म्हणाला, माय, कानबाई कोण बसवणार? अक्का म्हणाल्या, तुम्ही दोघं भाऊ आता निघा आणि आबांच्या हाताखाली बसवा, गव्हाच्या मुठी तुमच्याच नावाने मोजतात ना? हसायला कुणी धजलं नाही. पुष्पा म्हणाली, मी अक्काजवळ राहणार. हे तिने कुणाला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

सर्जनांनी शाईचा डबा उघडला. अक्कांनी अंगठा बुडवला, पण कागदावर टेकवायच्या आधी हात वरच थांबवला.

"पिशवी काढी तव्हय माले कोनी दखाडी नही," त्या म्हणाल्या. "सकायले काढ तू. पन जे काढशी ते पहिले माले दखाडजो."

सर्जन हो म्हणाले. तरी अक्कांचा अंगठा वरच होता. त्या सुनंदाकडे बघत होत्या, हा माणूस खरंच हो म्हणाला का, हे तिच्या तोंडून ऐकायला. सुनंदाने मान हलवली. मग अक्कांनी अंगठा टेकवला आणि चांगला दाबून धरला.